पुड्यावरचे बारीक अक्षर

रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या नाशिक रोडच्या देवळाच्या आवारात दुसरी एक सभा भरते. तिचे आमंत्रण कोणी धाडीत नाही, विषयपत्रिका कोणी काढीत नाही. चिंचेखाली चहाचे टेबल लागते, बिस्किटांचे पुडे फोडले जातात, आणि पहिला घोट पोटात गेला की मंडळी ज्या विषयावर सर्वांत मोकळेपणाने बोलू लागतात तो विषय म्हणजे दुकानातून आणलेले खाणेपिणे. कोणाचे लोणचे नुसतेच खारट, कोणत्या शेवयांचा शिजताना लगदा होतो, कोणते थंड पेय प्यायल्यावर घसा बसतो, कोणत्या चहाच्या पुड्यात हल्ली भुकटीच जास्त येते! प्रवचनाच्या वेळी ज्या चेहऱ्यांवर आम्हांस पेंग दिसते तेच चेहरे येथे उजळलेले असतात. प्रारंभी आम्हांस याचे थोडे वैषम्य वाटे. पुढे आम्हीही कप हाती घेऊन त्या घोळक्यात उभे राहू लागलो, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही मते काही कमी ठाम नव्हती.

या विषयाची गोडी लागण्यास आमच्या धर्मग्रामाची घडणही कारण असावी. नाशिक रोडची वस्ती वाढली ती रेल्वे आणि सरकारी छापखाने यांच्या आधाराने. १९२० च्या दशकात येथे आधी सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली नोटांची प्रेस आली, आणि त्यांच्यामागून चहूकडची माणसे आली. आमच्या बाकांवर नगर-संगमनेरकडील कुटुंबे बसतात; त्यांच्या शेजारी गोव्याची, मंगळूरची, वसईची, तमिळ मुलखातली. प्रत्येकाच्या घरची आमटी निराळी. घरच्या स्वयंपाकावर मत द्यावे तर कोणाची तरी आई किंवा सासू दुखावते. दुकानातला पुडा मात्र सर्वांच्या फडताळात एकच. त्याला नावे ठेवली तर दुखावणार कोण? कंपनीचा मालक काही आमच्या चिंचेखाली चहाला येत नाही. निदान आमची समजूत अशी होती. ती कशी चुकीची ठरली हे सांगण्यासाठीच लेखणी हाती घेतली आहे.

या सभेचे अलिखित अध्यक्ष म्हणजे प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. नोटांच्या छापलेल्या कागदांवर दोष शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. रेघ जरा हलली, शाई जरा फुटली की तो कागद बाजूला. निवृत्तीनंतर हातातले नोटांचे कागद सुटले. डोळ्यांची सवय सुटली नाही. सदऱ्याच्या खिशात त्यांचे एक लहानसे भिंग असते. चहाबरोबर कोणी नवा पुडा आणला की काका तो उलटा करतात, भिंग लावतात आणि मागचा मजकूर वाचू लागतात. नोटेवर महात्माजींच्या चित्राजवळ किती बारीक अक्षर छापलेले असते हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? काकांचे म्हणणे असे की नोटेवरचे बारीक अक्षर आणि पुड्यावरचे बारीक अक्षर यांचे नशीब सारखेच. ज्याच्यासाठी छापले तो कधी वाचत नाही.

काकांमुळे आमचे पुष्कळ शिक्षण झाले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची नऊ-दहा वर्षे पुण्यात घालवूनही आम्हांस हे ठाऊक नव्हते की पुड्याच्या पाठीवर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. जे सर्वांत जास्त ते आधी. तेव्हा पुढच्या बाजूला बदाम-केशराचे चित्र असो वा दुधाची धार असो, मागे पहिले नाव साखरेचे असेल तर आपण मुख्यतः साखर विकत घेतली. आंब्याच्या बाटलीबंद पेयावर रसाळ हापूस रंगवलेला असतो. नियमाप्रमाणे अशा पेयात फळाचा अंश निदान दहा टक्के असला की पुरे. उन्हाळ्यात मुले ज्याला आइस्क्रीम म्हणून चाटतात त्यातील पुष्कळशा कांड्यांवर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ असे असते, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. यात बेकायदा काही नाही. सारे छापलेले असते. फक्त पुढची बाजू मोठ्याने बोलते आणि मागची कुजबुजते.

काकांचा दुसरा उपयोग अफवा मोडण्याचा. एकदा भ्रमणध्वनीवरून एक संदेश आमच्या भगिनीमंडळात फिरला की बिस्किटांत ‘४७१’ असा आकडा असेल तर त्यात डुकराची चरबी असते. दोन दिवस चहाच्या टेबलावरची बिस्किटे कोणी शिवेना. (डुकराचे मांस ज्यांना वर्ज्य नाही त्या आम्हा मंडळींत ही घबराट का पसरावी हे कोडे आम्हांस अद्याप सुटलेले नाही.) काकांनी समजावून सांगितले की हे आकडे पदार्थांना दिलेले क्रमांक आहेत, ३३० म्हणजे लिंबात असते तेच सायट्रिक आम्ल, ४७१ हा स्निग्धाम्लांपासून केलेला पदार्थ वनस्पतीपासूनही होतो व प्राण्यांपासूनही, आणि आपल्या देशात शाकाहारी मालावर हिरवा ठिपका छापणे सक्तीचे असल्याने एवढा अभ्यास करण्याचीही गरज नाही. रविवारी बिस्किटे पूर्ववत संपली.

२०१५ च्या जून महिन्यात मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा तर आमच्या आवारात दोन पक्षच पडले. शिशाचे प्रमाण जास्त असल्याचा व ‘एमएसजी घातलेले नाही’ हे वेष्टनावरचे वाक्य दिशाभूल करणारे असल्याचा ठपका होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पुन्हा चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पुडे परत दुकानांत आले. मधल्या महिन्यांत धार्मिक शिक्षणाच्या वर्गातील मुलांनी जी तळमळ दाखविली ती प्रायश्चित्तकाळातही आम्हांस कधी पाहावयास मिळाली नाही. त्याआधी, २००३ मध्ये, दिल्लीच्या एका संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले होते; तेव्हा श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती नेमली गेली आणि तिने २००४ साली ते निष्कर्ष मान्य केले. हे सारे आम्हांस महत्त्वाचे वाटते. जो माल आपण मुलांच्या तोंडात घालतो त्याविषयी प्रश्न विचारणे हा काही चोखंदळपणा नव्हे.

आता मुख्य घटनेकडे वळतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातील साखरेविषयी एक चित्रफीत केली व ती देशभर गाजली. कंपनीची नोटीस आल्यावर त्याने ती मागे घेतली, पण तोवर राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही लक्ष घातले होते. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका. कायद्यात तसा प्रकारच नाही. आमच्या युवक मंडळाने त्या वर्षी या विषयावर चर्चासत्र घेतले. काका म्हणाले, “साखर तर डब्यावर पहिल्यापासून छापलेली होती. वाचली कोणी?” आमच्यावर मात्र त्या चर्चेचा परिणाम फार झाला. प्रवचनांतून आम्ही पॅकेटसंस्कृतीवर बोलू लागलो. ‘संस्कृती’ हा शब्द आम्हा प्रवचनकारांस फार सोयीचा. तो उच्चारला की दोष कोणा एकाचा राहत नाही.

त्याच भरात आगमनकाळात आम्ही एक सूचना वाचली. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक घरातून फराळाचा एक डबा येतो व सारे धर्मग्राम एकत्र बसून खाते. आम्ही सांगितले, “यंदा विकतचे काही नको. प्रत्येक मातेने आपल्या हातचे आणावे. घरच्या पदार्थात प्रेम असते. दुकानातल्या पदार्थात फक्त पैसे असतात.” हे वाक्य आम्हांस स्वतःलाच इतके आवडले की पुढच्या रविवारी ते पुन्हा वापरले.

३१ डिसेंबरचा तो रविवार. टेबलावर डबे मांडलेले. करंज्या, शंकरपाळे, नेवऱ्या, कल्कल, रोझ कुकीज. काका नेहमीप्रमाणे प्रत्येक डब्यातील एकेक चाखत पुढे सरकत होते. एका स्टीलच्या डब्यातील करंजी त्यांनी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि एखाद्या परीक्षकाच्या आनंदाने म्हणाले, “ही घरची नव्हे! ही दुकानातली. खोबरे कमी, रवा जास्त, तळण पामतेलाचे. परवाच आम्ही आणली होती.” मंडळी हसली. काकांच्या बोलण्यात कुत्सितपणा तिळमात्र नव्हता. त्यांनी एक नोट ओळखली होती एवढेच. तेवढ्यावर थांबले असते तर विसरलेही गेले असते. पण आम्ही शेजारीच उभे होतो आणि आमची जीभ आमच्या ताब्यात नव्हती. आम्ही म्हणालो, “मग ही करंजी पवित्र कुटुंबाची नव्हे, दुकानदाराच्या कुटुंबाची!” यावर मोठा हशा पिकला.

डब्याची मालकीण दोन हातांवर उभी होती. एका खाजगी रुग्णालयात ती परिचारिका आहे. तिनेही हसल्यासारखे केले. थोड्या वेळाने आम्ही त्या टेबलाकडे पाहिले तेव्हा त्या डब्याची जागा रिकामी होती.

जानेवारीचे पहिले तीन रविवार ती दिसली नाही. रात्रपाळी असेल, असे आम्ही स्वतःस सांगितले.

वाचकहो, ती करंजी डब्यात काढून का आणली गेली हे आम्हांस न कळण्यासारखे नव्हते. आमचे बालपण नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) एका खेड्यात व पुढे मिशनच्या वसतिगृहात गेले. १९७२ च्या दुष्काळानंतरची ती वर्षे. अमेरिकेतून आलेली दुधाची भुकटी, बुलगर गहू आणि तेलाचे डबे मिशनमधून वाटले जात. डब्यांवर दोन हात एकमेकांत गुंफल्याचे चित्र असे. त्या भुकटीचे दूध कोमट पाण्यात कालवले की गुठळ्या राहात, आणि त्या गुठळ्या आम्हा मुलांना साखरेपेक्षा प्रिय होत्या. शाळेत मात्र आम्हांस ‘पावडरवाले’ म्हणून हाक मारीत. कोणी काय खाल्ले यावरून तो कोण हे ठरवण्याची ती पद्धत आमच्या अंगावर उठली होती. वसतिगृहातून निघताना आम्ही ओठांवरची पांढरी रेघ बाहीने पुसत असू. डब्यात काढून आणणे आणि ओठ पुसणे यांत फारसे अंतर नाही.

त्या काळी घरचे म्हणजे गरिबाचे आणि विकतचे म्हणजे मानाचे, असा उलटा व्यवहार होता हेही येथे सांगितले पाहिजे. शाळेच्या डब्यात बाजरीची भाकरी नेणारा मुलगा डबा गुडघ्यात लपवून खाई. ज्याच्या डब्यात पाव असे तो उघड्यावर बसे. १९७७ साली कोका-कोला देशातून गेले आणि लग्नसमारंभांत गोल्ड स्पॉटच्या नारिंगी बाटल्यांचा मान आणखी वाढला. वेफर्स, केकचा एक तुकडा व ती बाटली एवढे पुढ्यात आले की लग्न झोकात झाले असे मानीत. आमच्या बहिणीच्या लग्नात बाटल्या कमी पडल्या म्हणून वडिलांनी आठवडाभर मान वर केली नव्हती. आता तीच भाकरी उपाहारगृहात मातीच्या ताटलीत भरपूर दामाने मिळते आणि पुडा आणणारी आई ओशाळते. पन्नास वर्षांत पदार्थ जागच्या जागी राहिले; लाज तेवढी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेली. ज्याच्यापाशी पैसा नव्हता तो पूर्वी घरचे खाई, आणि ज्याच्यापाशी वेळ नाही तो आता विकतचे खातो. दोन्ही वेळा ओशाळावे लागते ते त्यालाच.

हे सारे आम्ही आता लिहीत आहोत. त्या दिवसांत मात्र आम्हांस पुन्हा पुन्हा पुण्याच्या पंचहौदाची आठवण येई. सेमिनरीत असताना त्या मिशनच्या उंच मनोऱ्यावरून जाताना आमच्या इतिहासप्रेमी गुरुजींनी ती हकिगत सांगितली होती. ते मिशन आपले नव्हे, अँग्लिकनांचे. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे एक व्याख्यान झाले व मागाहून पाहुण्यांस चहा-बिस्किटे देण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळराव गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसताच हाती धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे ‘पुणेवैभवा’त छापविली आणि पुण्यात गदारोळ उठला. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. आज ती गोष्ट सांगून आपण हसतो. सेमिनरीत आम्हीही खूप हसलो होतो. एका कप चहासाठी एवढा आटापिटा! चौकशी करणाऱ्यांना त्या चहाची चव कशी होती, बिस्किट खुसखुशीत होते की मऊ पडलेले, यात काडीचा रस नव्हता. त्यांना कप धरणारा हात पाहावयाचा होता. आणि मत्तयच्या पंधराव्या अध्यायावर वर्षानुवर्षे प्रवचने देणाऱ्या आम्ही काय पाहिले होते?

यावर कळस चढविला आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी. एके सकाळी न्याहारीच्या वेळी आम्ही सहज म्हणालो की हल्ली लोक घरी काही करीत नाहीत. मावशींनी उत्तर दिले नाही. त्यांनी टेबलावरच्या वस्तू एकेक करून आमच्यासमोर सरकवल्या. पाव, लोण्याची डबी, जॅमची बाटली, सॉस, कॉफीची भुकटी. मग म्हणाल्या, “फादर, यातलं आपल्या घरात काय झालं ते सांगा, म्हणजे मी तेवढंच ठेवते.” तीस वर्षांच्या धर्मगुरुपदात आम्ही एकदाही करंजी लाटलेली नाही. भात लावतानासुद्धा पाण्याचा अंदाज चुकतो. घरच्या हाताचे माहात्म्य सांगण्यास आम्ही फारच योग्य माणूस निवडला होता!

मावशींच्या त्या टेबलावरून आमचे मन वेदीवर गेले. परमप्रसादाची भाकरी कशी असावी याविषयी १९८३ च्या कॅनन कायद्याचे ९२४ वे कलम स्पष्ट आहे. ती निव्वळ गव्हाची व नुकतीच केलेली असावी; रस द्राक्षाचाच व न बिघडलेला असावा. काका म्हणतील, एवढी आखूड घटकसूची दुसऱ्या कोणत्याच पुड्यावर सापडायची नाही: गहू आणि पाणी. पण ही ओस्ती तरी आम्ही घरी कोठे करतो? मठातील भगिनी ती भाजतात, कातरतात, भरतात. आम्ही पैसे देऊन डबा आणतो. २०१७ च्या जूनमध्ये रोमच्या उपासनाविषयक परिषदेने बिशपांना पत्र लिहिले. त्यात नमूद होते की पूर्वी हे काम काही धर्मसंघ करीत. आता ही भाकरी व द्राक्षारस सुपरमार्केटांत, इतर दुकानांत, इंटरनेटवरही विकले जातात, तेव्हा त्यांच्या शुद्धतेवर लक्ष ठेवा. विकू नका, विकत घेऊ नका, असे पत्रात नाही. काय आहे ते पाहून घ्या, एवढेच आहे. शोमरोनात विहिरीपाशी प्रभू एकटे बसले होते तेव्हा शिष्य कोठे गेले होते? गावात, अन्न विकत आणावयास. आणि तेही ज्यांच्याशी व्यवहार ठेवू नये असे मानीत त्यांच्या गावात.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही तिच्या घरी गेलो. जेल रोडच्या बाजूला दोन खोल्या. ती सकाळी आठला पाळी संपवून आली होती, डोळे तांबारलेले. आतल्या खाटेवर सासूबाई. मुलगा दहावीत. पती २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा ती स्वतः रुग्णालयात त्याच साथीच्या कक्षात काम करीत होती. अंत्यविधीस चौघेच होतो हे आम्हांस आठवले. त्याच्या आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसे लेकरे खांद्यावर घेऊन उत्तरेकडे चालत निघाली होती. आमच्या युवकांनी रस्त्याकडेला उभे राहून बिस्किटांचे पुडे व पाण्याच्या बाटल्या वाटल्या. खोकी भरून देण्यास रात्रपाळी करून ही बाई आली होती. त्या वर्षी पार्ले-जीची विक्री कंपनीच्या आठ दशकांत झाली नव्हती एवढी झाली, असे वर्तमानपत्रांत आले. त्या पुड्यात प्रेम आहे की नुसते पैसे आहेत, हे महामार्गावर आम्ही कोणास विचारले नव्हते.

आम्ही क्षमा मागितली. तीही धडपणे जमली नाही. “त्या दिवशी थट्टेत बोललो,” अशी सुरुवात केली आणि मग शब्द सुचेनात.

ती म्हणाली, “फादर, करंज्या घरी करायच्या तर कधी केल्या असत्या? रात्री ड्युटी, दिवसा आईंचं सगळं. नाताळच्या रात्रीसुद्धा मी वॉर्डातच होते.” मग थोडे थांबून, “चूक माझीही आहे. डब्यात काढून आणायला नको होत्या. पुडाच आणायचा. पण पुडा आणायची लाज का वाटली, ते तुम्ही सांगा.”

आम्ही काही सांगितले नाही. सांगण्यासारखे होते ते तिलाही ठाऊक होते. तिने चहा केला, बशीत बिस्किटे मांडली आणि रिकाम्या पुड्याची घडी करून बशीशेजारी ठेवली. सासूबाईंना दात नाहीत. ती एकेक बिस्किट चहात बुडवून, ते मोडण्यापूर्वी नेमके उचलून त्यांच्या तोंडात देत होती. हे फार चपळाईचे काम आहे. आमची दोन बिस्किटे तोवर कपात बुडाली होती.

काकांना आम्ही सारे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी जाऊन आले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. भिंग मात्र पुढे काही आठवडे खिशाबाहेर आले नाही, आणि चिंचेखालची सभा त्यावाचून अगदीच अळणी झाली. अखेर तिनेच एका रविवारी सॉसची बाटली त्यांच्या हाती देऊन विचारले, “काका, यात टोमॅटो किती ते बघा बरं.” काकांनी भिंग पुसून घेतले.

२०२४ च्या आगमनकाळात फराळाची सूचना आम्ही पुन्हा वाचली. ‘विकतचे नको’ हे वाक्य खोडले होते. २९ डिसेंबरला टेबल मांडले गेले. तिने पिशवीतून करंज्यांचा न फोडलेला पुडा काढला आणि डब्यांच्या रांगेत उभा केला. “काका, वाचा मोठ्याने,” ती म्हणाली.

काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. मग त्यांनी भिंग लावले आणि शुभवर्तमान वाचावे अशा संथ सुरात वाचले, “मैदा. साखर. पामतेल. रवा. सुके खोबरे. वेलची.”

“माझ्यासुद्धा त्याच दुकानातल्या,” भगिनीमंडळाच्या एक ज्येष्ठ बाई मागून म्हणाल्या, “मागच्या वर्षीच्याही.” मग आणखी एकीने आपल्या शंकरपाळ्यांचे सांगितले, तिसरीने रोझ कुकीजचे. बिटको चौकातल्या एकाच दुकानाचे नाव तीन डब्यांतून निघाले. वर्षभरापूर्वी जो हशा पिकला होता त्यात यांतील कितीजणी हसत होत्या हे आम्ही आठवू पाहिले, व ते काम तेथेच सोडून दिले.

आमच्या हातात कोंडाजींच्या चिवड्याचा पुडा होता. मावशींनी निघताना तो दिला होता. काकांनी तो घेतला, उलटा केला, आणि भिंग डोळ्यांशी नेले.